छाटणी आणि गारपीट

योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय आमच्या मंडळीत वर्षातून कितीतरी वेळा वाचला जातो. दृढीकरणाच्या उपासनेत तो असतो, महिला संघाच्या शिबिरात असतो, घरप्रार्थनांत तर हमखास असतो. प्रभू येशू स्वतःला खरा द्राक्षवेल म्हणतो, आपल्या पित्याला माळी म्हणतो आणि शिष्यांना फाटे म्हणतो; फळ न देणारा फाटा माळी काढून टाकतो आणि फळ देणाऱ्या फाट्याला अधिक फळ यावे म्हणून तो साफसूफ करतो, म्हणजे त्याची छाटणी करतो. नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतून कुठेही निघा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मंडपावर चढलेले वेल असतात, आणि चर्चमध्ये बसलेल्यांपैकी निम्म्या माणसांचे स्वतःचे किंवा शेजाऱ्याचे पोट त्या वेलावर अवलंबून असते. परंतु मला असे वाटत आले आहे की चित्र जितके ओळखीचे, तितकी त्याच्याविषयी विचार करण्याची आपली गरज कमी होते, आणि मग ते चित्र आपण कुठेही, कुणालाही, हवे तसे लावू लागतो. हा लेख त्या एका चित्राविषयी आहे, आणि ते चुकीच्या ठिकाणी लावले गेले तेव्हा मी जे पाहिले त्याविषयी आहे.

प्रभू येशूने ज्या उपमा दिल्या त्यातल्या पुष्कळशा कुणाच्या तरी रोजच्या कामातून आलेल्या आहेत. पीठ मळणारी बाई, बी पेरणारा शेतकरी, मेंढरे मोजणारा मेंढपाळ, जाळे ओढणारे कोळी, नाणे शोधण्यासाठी घर झाडणारी गृहिणी, अशी ही माणसे आहेत. ऐकणारे स्वतः तीच कामे करणारे होते. त्यामुळे उपमा ऐकताना त्या कामाचा सगळा क्रम, त्यातली वाट पाहणे, त्यातली अक्कल आणि त्या कामाच्या मर्यादा हे सारे त्यांच्या मनात आपोआप उभे राहत असणार. आपण मात्र पुष्कळदा त्या कामातला एखादाच क्षण उचलतो आणि बाकीचे काम तिथेच सोडून देतो. द्राक्षवेलाच्या बाबतीत आपण उचललेला क्षण म्हणजे कात्री. वास्तविक ज्या रात्री हे शब्द उच्चारले गेले त्या रात्री ऐकणाऱ्यांच्या मनात वेलाचे फार जुने आणि फार मोठे चित्र होते. स्तोत्र 80 मध्ये इस्राएल हा मिसर देशातून आणून लावलेला वेल आहे. यशयाच्या पाचव्या अध्यायात तोच मळा आंबट द्राक्षे देतो आणि धनी विचारतो की मी याच्यासाठी आणखी काय करायचे राहिले होते. यरुशलेमेच्या मंदिराच्या दारावर सोन्याचा वेल होता आणि त्याचे घोस माणसाच्या उंचीचे होते, असे योसेफस या यहुदी इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. हे सगळे पाहिलेल्या आणि पाठ असलेल्या माणसांना, अटक होण्याच्या आदल्या काही तासांत, जेवणानंतर, प्रभू सांगतो की खरा वेल मी आहे आणि तुम्ही माझ्यामध्ये राहा.

ती छाटणी आमच्याकडे कशी होते हे मी सविस्तर सांगते, कारण त्यावाचून पुढचे बोलणे नीट कळणार नाही. थंड प्रदेशात द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जातो आणि त्या झोपेत त्याची वर्षातून एकदा छाटणी होते. आपल्या हवेत वेल झोपत नाही, म्हणून इथे वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते आणि पीक मात्र एकदाच घेतात. माल उतरल्यावर एप्रिलच्या सुमारास जी छाटणी होते तिला खरड छाटणी म्हणतात. त्या वर्षी फळ दिलेल्या सगळ्या काड्या ओलांड्यापर्यंत, म्हणजे खोडापासून निघालेल्या आडव्या फांदीपर्यंत, एकदोन डोळे (अंकुर फुटण्याच्या जागा) ठेवून कापून टाकतात. खरड झालेली बाग पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती मेली आहे असे वाटते. तारा, अँगल, खोड आणि आडवे ओलांडे, एवढेच उरते. पान नाही, सावली नाही, आणि वर एप्रिल-मे महिन्यांचे ऊन. कापलेल्या काडीच्या टोकातून कधी पाण्यासारखा रस थेंबथेंब गळताना दिसतो. पण याच छाटणीच्या सुमारास, बहुधा तिच्या थोडे आधी, वेलाच्या दोन्ही बाजूंनी चाऱ्या घेऊन त्यात शेणखत भरलेले असते. कात्री चालते ती खत घातलेल्या, पाणी देण्याची तजवीज झालेल्या वेलावर. उपाशी वेलाची खरड कुणी करत नाही.

मग नव्या काड्या फुटतात. त्यांची वाढ फार माजू नये म्हणून शेंडे खुडतात, फेलफुटी, म्हणजे बाजूचे नको असलेले फुटवे, काढतात, काड्या तारेवर एकमेकींपासून दूर बांधतात, म्हणजे प्रत्येक डोळ्याला ऊन मिळते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी छाटणी होते. तिला गोड छाटणी म्हणतात, कारण तिच्यातून फळ येते. ती करण्याआधी पुष्कळ बागाईतदार काड्यांचे नमुने तपासणीला देतात. प्रयोगशाळेत डोळ्याचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात की आत घड तयार झाला आहे की नाही, आणि असेल तर कितव्या डोळ्यात. त्या अहवालाप्रमाणे काडी कुठे कापायची ते ठरते. कापल्यावर मजूर बाया हातमोजे घालून, काठीला गुंडाळलेला कापडाचा बोळा डोळे फुटावेत म्हणून लावायच्या पेस्टमध्ये बुडवून एकेक डोळा पुसत जातात. पेस्टमध्ये रंग मिसळलेला असतो, म्हणजे कोणता डोळा राहिला ते मागून येणारीला दिसते. पेठ-सुरगाण्याकडून कामाला आलेली एक आदिवासी मावशी हे काम करताना मी बराच वेळ पाहत उभी होते. तिचा हात कुठेही घाईचा नव्हता आणि कुठे रेंगाळतही नव्हता. राहिलेला डोळा दिसला की ती दोन पावले मागे येई, तो पुसे आणि पुढे जाई. पिता माळी आहे हे वाक्य वाचताना आता मला बागेचा मालक आठवत नाही, तिचा तो हात आठवतो.

या सगळ्यात जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली ती कात्रीविषयी नाही. पुढच्या वर्षीचा घड हा ऑक्टोबरमध्ये ठरत नाही. तो खरड छाटणीनंतरच्या साधारण दुसऱ्या महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, नव्या काडीच्या डोळ्यात तयार होतो. याला घडनिर्मिती म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला त्या वेळी काडी आणि पाने याखेरीज काहीही दिसत नाही. त्या दिवसांत आभाळ भरून राहिले, डोळ्यांवर ऊन पडले नाही, तर ऑक्टोबरमध्ये कितीही चांगली छाटणी करा, घडाऐवजी नुसती बाळी, म्हणजे वेलाचा तणावा, निघते. म्हणजे फळ येण्याचा प्रश्न, फळाचे नावही नसलेल्या महिन्यांत सुटलेला असतो.

हे कळल्यापासून मी लक्ष्मीबाई टिळकांचे आयुष्य वेगळ्या रीतीने वाचू लागले. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या, कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंवर तो आघात कसा कोसळला हे त्यांनीच ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहिले आहे. त्या नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आधाराने राहिल्या. पुढे त्यांच्याजवळ आल्या तरी त्यांचे सोवळे, त्यांचा स्वयंपाक वेगळाच होता. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला तो 1900 मध्ये. मधल्या पाच वर्षांत त्यांच्या मनात काय घडत होते हे बाहेरच्या माणसाला दिसले नसते, आणि ज्या मिशनऱ्यांना किंवा ज्या आप्तांना त्यांचा निकाल लवकर हवा होता त्यांना तर ती वर्षे वायाच गेल्यासारखी वाटली असतील. परंतु जात ही देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे, हा निर्णय त्यांचा त्यांनी, स्वतःच्या विचाराने घेतला, आणि एकदा घेतल्यावर कुणाच्याही हातचे पाणी पिताना त्यांचा हात कापला नाही. प्लेगच्या, दुष्काळाच्या, घरी आणलेल्या पोरक्या मुलांच्या पुढच्या सगळ्या हकिगतींमध्ये ज्या ममतेची फळे दिसतात ती त्या अबोल वर्षांत डोळ्यात धरली गेली होती. टिळकांची भजने आम्ही आजही ‘उपासना-संगीत’ या आमच्या गीतपुस्तकातून गातो, आणि त्यांचा मोठेपणा कुणी नाकारणार नाही, तरी विश्वास रोजच्या जगण्यात कसा उतरतो हे शिकायचे तर मी लक्ष्मीबाईंकडे जाईन.

आमच्या मंडळ्यांमध्ये फळ मोजण्याची जी रीत आहे ती या गोष्टीला फार मारक आहे. किती जण आले, दानपेटीत किती पडले, बाप्तिस्मे किती झाले, वार्षिक सभेत अहवाल वाचला जातो तो याचाच. प्रेषित पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात आत्म्याचे फळ म्हणून जे सांगितले त्यात प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन आहे. यातले एकही अहवालात मावणारे नाही. ज्या घरात सून आणि सासू दहा वर्षांच्या अबोल्यानंतर एका ताटाशी बसल्या त्या घराचे फळ कोणत्या रकान्यात लिहायचे?

छाटणीचे चित्र जिथे खरोखर लागू पडते ती जागाही मला सांगितली पाहिजे, नाहीतर मी हे चित्रच नको म्हणते आहे असे कुणाला वाटेल. गोड छाटणीनंतर घड दिसू लागले की बागाईतदार त्यातले पुष्कळसे काढून टाकतो. काढलेले घड किडके नसतात. मणी धरल्यावर विरळणी करतात आणि घडातले चांगले, हिरवेगार मणी कात्रीने काढतात, म्हणजे राहिलेल्यांना फुगायला जागा मिळते. पहिल्यांदा पाहताना जीव हळहळतो. आमच्या मंडळीतल्या कित्येक बाया, आणि काही पुरुषही, रविवारी सकाळी संडे स्कूल, मग उपासना, मग कमिटी, बुधवारी घरप्रार्थना, शुक्रवारी क्वायर, शनिवारी आजाऱ्यांच्या भेटी अशा राबत असतात. यातले एकही काम वाईट नाही. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी कमिटी आणि क्वायर दोन्ही सोडली. क्वायर सोडताना मला फार वाईट वाटले, कारण गाणे हा माझा आनंद होता. पण त्या वर्षात त्यांची वेणी घालताना, त्यांना भरवताना, त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असताना ती ऐकून घेताना, मला जी सहनशीलता शिकायला मिळाली ती मला दुसऱ्या कशाने मिळाली नसती. ही छाटणी होती असे मी मोकळ्या मनाने म्हणते. यात दोन गोष्टी होत्या: सोडले ते मी सोडले, कुणी माझ्याकडून हिसकावले नाही, आणि ज्यासाठी सोडले ते माझ्या डोळ्यांसमोर होते.

आता ज्या घरी हे चित्र चुकीचे लावले गेले तिथे जाते. आमच्या मंडळीतली एक तरुण बाई. तिचा नवरा रस्त्यावरच्या अपघातात गेला. दोन लहान मुले. दफनविधीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आम्ही घरप्रार्थनेला गेलो होतो. खोलीत जमिनीवर सतरंज्या टाकल्या होत्या, ती भिंतीला टेकून बसली होती, धाकटे मूल तिच्या पदराशी झोपले होते. एका वडीलधाऱ्या माणसाने योहानाचा पंधरावा अध्याय उघडला, सुरुवातीची आठ वचने वाचली आणि तिला म्हटले, “बेटा, देव ज्या फाट्यावर प्रीती करतो त्याचीच छाटणी करतो. तुझ्या आयुष्यात त्याला मोठं फळ पाहायचं आहे.” बोलणाऱ्याच्या मनात तिच्याविषयी माया होती यात मला शंका नाही. त्यांना काहीतरी द्यायचे होते आणि हाताशी होते ते त्यांनी दिले. तिने मान हलवली. चहा झाला, आम्ही उठलो. दारापाशी तिने माझा हात धरला आणि इतकेच विचारले, “ताई, माझ्या फळासाठी त्यांना नेलं का?”

तो प्रश्न घेऊन मी बरेच दिवस फिरले. ओझरच्या बाजूला आमच्या ओळखीचे एक बागाईतदार आहेत. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. ते ख्रिस्ती नाहीत, माळकरी आहेत, दर आषाढीला पंढरपूरला जातात. त्यांच्या बागेत गेले असताना मी त्यांना हे सगळे सांगितले, वचनही वाचून दाखवले. त्यांनी ते शांतपणे ऐकले, पुन्हा एकदा वाचायला लावले, आणि म्हणाले, “ताई, तुमच्या देवानं वेलाचं बोलणं बरोबर बोललंय. बाग केलेला माणूस बोलतो तसंच हाये. पण त्या बाईवर आली ती छाटणी नाय. ती गारपीट हाये. छाटणीला तारीख असती, हिशोब असतो. काय कापायचं आन् काय ठेवायचं ते आधी ठरलेलं असतं. गारपिटीला कोन छाटणी म्हणंल?”

अण्णांना हे बोलण्याचा अधिकार होता. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर जी गारपीट झाली, तिच्यात काढणीला आलेला माल कसा गेला हे या जिल्ह्यात अजून कुणी विसरलेले नाही. 26 नोव्हेंबर 2023 च्या गारपिटीत तर गोड छाटणी होऊन काही आठवडेच झाले होते. कुठे फुलोरा, कुठे मणी धरण्याची अवस्था, आणि काही मिनिटांत पाने चिंध्या होऊन खाली, काड्यांवर जखमा, कुठे अख्खा मंडप आडवा. गार ही फळ दिलेली काडी आणि न दिलेली काडी असा भेद करत नाही. तिच्यामागे खत नसते, पुढे फळ नसते. गारपिटीनंतर वेल पुष्कळदा पुन्हा उभा राहतो, ही गोष्ट खरी आहे, पण त्याचे श्रेय गारांना नसते; ते मुळाला असते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत उतरलेल्या माणसांना असते.

घरी येऊन मी तो अध्याय पुन्हा वाचला. दुसऱ्या वचनात साफसूफ करण्याची गोष्ट आहे, आणि ती आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. लगेच पुढच्या, तिसऱ्या वचनात प्रभू शिष्यांना सांगतो की मी तुम्हाला सांगितलेल्या वचनामुळे तुम्ही आताच शुद्ध झालेले आहात. इतकी वर्षे वाचूनही ही दोन वाक्ये एकमेकांशेजारी आहेत याकडे माझे लक्ष गेले नव्हते. माळी कशाने साफसूफ करतो, याचे उत्तर प्रभूने दुसऱ्याच श्वासात दिले आहे: वचनाने. बोलण्याने, शिकवण्याने, समोर बसवून सांगितलेल्या सत्याने. अपघात, आजार, अकाली मृत्यू ही त्या माळ्याची हत्यारे आहेत असे त्या अध्यायात कुठेही लिहिलेले नाही. ते आम्ही घातलेले आहे.

आणि जिथे खरोखर अपघाती मरणाचा प्रश्न प्रभूसमोर आला तिथे त्याने काय उत्तर दिले हे लूकाच्या तेराव्या अध्यायात स्पष्ट आहे. रोमी सुभेदार पिलाताने काही गालीली माणसांना यज्ञ करतानाच मारले, ही बातमी लोकांनी त्याला सांगितली. त्याने त्यांना उलट विचारले की ते बाकीच्या गालीली लोकांपेक्षा अधिक पापी होते असे तुम्हाला वाटते काय? मग त्याने स्वतःच आणखी एक घटना काढली. शिलोहातील बुरूज पडून 18 माणसे मेली. ती यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा अधिक अपराधी होती काय? दोन्ही वेळा त्याचे उत्तर एकच, नाही. ऐकणाऱ्यांना तो पश्चात्ताप करायला सांगतो, त्यांच्या स्वतःच्या जगण्याविषयी. पण मेलेल्यांच्या मरणाला तो हेतू चिकटवत नाही. जन्मांधाविषयी शिष्यांनी विचारले तेव्हाही, याने पाप केले की याच्या आईबापांनी, या प्रश्नाला त्याने नकारच दिला. लूकाच्या त्या अध्यायात बुरुजानंतर लगेच जो दाखला येतो तो तर मला नाशिकच्या एखाद्या बागेत सांगितल्यासारखा वाटतो. द्राक्षमळ्यात लावलेल्या अंजिराला तीन वर्षे फळ नाही; धनी म्हणतो तोडून टाक; आणि माळी म्हणतो, महाराज, यंदाचे वर्ष राहू द्या, मी याच्याभोवती खणतो, खत घालतो. बुरूज पडल्याच्या बातमीनंतर प्रभूने समोर आणलेला माळी हा कात्री घेतलेला नाही. त्याच्या हातात कुदळ आहे आणि खताची पाटी आहे.

पंधराव्या अध्यायात सहावे वचनही आहे, वाळलेले फाटे गोळा करून अग्नीत टाकण्याचे, आणि ते मी वगळत नाही. ते कठीण वचन आहे आणि कठीणच राहावे. मात्र ते ज्यांना सांगितले आहे ते फाटे आहेत, आणि फाट्याला एकच आज्ञा आहे, वेलात राहण्याची. कात्री पित्याच्या हातात आहे. एका फाट्याने दुसऱ्या फाट्याला छाटावे, किंवा कुणाची छाटणी का चालली आहे हे त्याला समजावून सांगावे, असे काम त्या दाखल्यात कुणालाच दिलेले नाही. आमच्या मंडळ्यांत मात्र ते काम करायला माणसे कमी पडत नाहीत. मुलाने दुसऱ्या समाजातल्या मुलीशी लग्न केले, कुणाची नोकरी गेली, कुणाला मूल झाले नाही, की लगेच त्या घराला देवाचा हेतू सांगायला कुणीतरी पोहोचते. हे मी रागाने लिहीत नाही. या रीतीने किती माणसे हळूहळू चर्चच्या मागच्या बाकावर आणि मग दाराबाहेर गेली हे मी पाहिले आहे, आणि त्याचे मला दुःख आहे.

गारपिटीनंतर काय करायचे असते हेही मी अण्णांना विचारले होते. त्यांनी सांगितले ते अगदी साधे होते. पहिल्या दिवशी पडलेला मंडप उचलायचा. ते एकट्याचे काम नाही, त्याला भावकी आणि शेजार लागतो. मग फुटलेले घड, फाटलेली पाने वेचून बाहेर काढायची, म्हणजे सड पसरत नाही. काड्यांच्या जखमांवर लगेच औषध फवारायचे. पंचनाम्यासाठी तलाठ्याच्या मागे लागायचे. आणि त्या वर्षी वेलाकडून मालाची अपेक्षा करायची नाही, तो जगला आणि त्याने पुढच्या हंगामासाठी चांगली काडी धरली एवढे पाहायचे. “त्या साली वेलाला हिशोब नाय इचारायचा,” असे ते म्हणाले. मी ते सगळे आमच्या पाळकसाहेबांना जाऊन सांगितले. त्यांनी पुढच्या रविवारी लूकाचा तेरावा अध्याय घेतला, कुणाचेही नाव न घेता, आणि माळ्याच्या कुदळीवर ते बोलले. ज्यांनी त्या घरी पंधरावा अध्याय वाचला होता ते वडीलधारे गृहस्थ पुढच्याच बाकावर होते. उपासना संपल्यावर ते तिच्या सासऱ्यांजवळ गेले आणि मुलांच्या शाळेची फी कधी भरायची असते ते विचारून आले. फी त्यांनी भरली, तिच्यापाशी त्याचा उल्लेख न करता.

वर्षस्मरणाच्या उपासनेचे वाचन कोणते घ्यावे असे पाळकसाहेबांनी तिला विचारले तेव्हा तिने तोच योहानाचा पंधरावा अध्याय सांगितला. मला आश्चर्य वाटले आणि थोडी भीतीही वाटली. ती म्हणाली, “वाचा, पण आठव्या वचनाशी थांबू नका. सतरापर्यंत वाचा.” तिने तो वर्षभर एकटीने वाचला होता. आठव्या वचनानंतर फळाची गोष्ट प्रीतीकडे वळते, एकमेकांवर प्रीती करा ही आज्ञा येते, मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही हे वाक्य येते, आणि पंधराव्या वचनात प्रभू म्हणतो की आता मी तुम्हाला दास म्हणत नाही, मी तुम्हाला मित्र म्हटले आहे, कारण पित्याकडून ऐकलेले सगळे मी तुम्हाला कळवले आहे. फाटा वेलाचा मित्र होऊ शकत नाही. फाट्याला काही कळवता येत नाही. म्हणजे बोलता बोलता प्रभूने वेलाचे चित्र बाजूला ठेवले आणि तो माणसांशी माणसांसारखा बोलू लागला. जिथवर ते चित्र पुरत होते तिथवर त्याने ते वापरले, आणि जिथे समोरच्या दुखावलेल्या, घाबरलेल्या माणसांना त्याहून जवळचे काही हवे होते तिथे त्याने ते सोडले. हे आम्हाला कोणत्याही व्याख्यानात कुणी दाखवले नव्हते. ते तिने दाखवले.

त्या दिवशी सतरा वचने वाचली गेली. नंतर जेवण होते, आणि जेवताना तिच्या नवऱ्याच्या नावावरच्या दीड एकराची वारसनोंद अजून झालेली नाही हे बोलण्यात निघाले. मृत्यूचा दाखला होता, अर्जही दिलेला होता, पण तलाठी कार्यालयात ती दोनदा जाऊन परत आली होती. मंडळीतले एक निवृत्त कारकून तिथेच म्हणाले की सोमवारी मी येतो, आणि महिला संघाच्या आमच्या एका मैत्रिणीने मुलांना सांभाळायचे कबूल केले. सोमवारी ती आणि ते कारकून गेले, अर्जाची पोच घेऊन आले. नोटिशीची मुदत संपल्यावर फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर तिचे आणि मुलांचे नाव लागले. त्या दीड एकरात द्राक्षे नाहीत, कांदा आणि मका आहे. यंदा ती स्वतः कांद्याचे रोप टाकते आहे.